'८० टक्के काम पूर्ण' म्हणजे नेमकं काय पूर्ण झालं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरच्या पुण्याच्या पानावर अधूनमधून एक बातमी हमखास असते, अमुक पुलाचं काम ८० टक्के पूर्ण, तमुक रस्त्याचं ९० टक्के पूर्ण, पाइपलाइनचं ६५ टक्के झालंय आणि लवकरच नागरिकांच्या सेवेत वगैरे. मग पावसाळा जातो, दिवाळी जाते, आणि त्याच कामाची परत बातमी येते तेव्हा ते ८५ वर असतं. वाचणारे चिडतात, कमेंटमध्ये शिव्या घालतात, कुणी म्हणतं अधिकारी खोटं बोलतात, कुणी म्हणतं कंत्राटदार. मी स्वतः बांधकामात प्लॅनिंग इंजिनिअर आहे, दिवसभर शेड्युलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच टक्के भरायचं आणि वाचायचं काम करते, त्यामुळे मला यावर थोडं सविस्तर लिहावंसं वाटलं. कारण बऱ्याच वेळा कुणीच खोटं बोलत नसतं, तरीही तो आकडा चुकीचाच असतो. आणि हे जास्त वाईट आहे, कारण खोटं निदान पकडता तरी येतं.

माझं म्हणणं असं आहे की नुसते टक्के कुणी विचारू नयेत, कुणी सांगू नयेत आणि तुम्ही ते छापूही नयेत. काम खरंच कधी सुरू झालं, आजपर्यंत किती माणसांनी किती काम केलं आणि अजून किती उरलंय, हे तीन आकडे असतील तरच टक्क्यांना काही अर्थ आहे.

आता उदाहरण देऊनच सांगते, कारण हे हवेत बोलून कळत नाही. समजा एका बिल्डिंगच्या बेसमेंटचं वॉटरप्रूफिंग करायचंय. प्लॅनमध्ये १० दिवस धरलेत, रोज ४ माणसं, रोजचे ८ तास. म्हणजे ४० हजेऱ्या किंवा ३२० तासांचं काम. एरिया धरा ६०० चौरस मीटर. काम सोमवारी ठरल्याप्रमाणे सुरू झालं पण चारातली दोघं गावाला गेली, पेरणीच्या दिवसात आमच्या साइटवर हे दरवर्षी होतं, मराठवाड्यातली माणसं जूनमध्ये थांबत नाहीत आणि त्यांनी का थांबावं. तर दोघंच काम करतायत. पाच दिवस झाले. आता सांगा किती टक्के काम झालं?

दिवस मोजले तर १० पैकी ५ गेले, म्हणजे ५० टक्के. हजेऱ्या मोजल्या तर २ माणसं गुणिले ५ दिवस म्हणजे १० हजेऱ्या, ८० तास, ३२० पैकी ८०, म्हणजे २५ टक्के. आणि खाली बेसमेंटमध्ये जाऊन टेप लावला तर कोट झालेला एरिया निघतो ९० चौरस मीटर, कारण जुना प्लास्टर खरवडण्यातच निम्मा वेळ गेला, म्हणजे १५ टक्के. एकच काम, एकच दिवस, आणि ५०, २५, १५ असे तीन आकडे. तिन्ही बरोबर आहेत. पण मीटिंगमध्ये कुठला सांगितला जातो? बहुतेक वेळा पहिला, कारण तो सगळ्यात सोपा आहे आणि ऐकायला बरा वाटतो. दहावीच्या मुलाला विचारलं अभ्यास किती झाला आणि तो म्हणाला परीक्षेला निम्मेच दिवस उरलेत म्हणजे निम्मा पोर्शन झाला, तर आपण ऐकून घेऊ का? साइटवर मात्र सर्रास ऐकून घेतो.

सॉफ्टवेअरमध्ये हे तिन्ही वेगवेगळे कॉलम आहेत बरं का, म्हणजे बनवणाऱ्यांना हा फरक चांगला माहीत आहे. एमएस प्रोजेक्ट या शेड्युलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पर्सेंट कम्प्लीट हा कालावधीवर चालतो, पर्सेंट वर्क कम्प्लीट हा तासांवर चालतो आणि फिजिकल पर्सेंट कम्प्लीट हा आपण मोजून हाताने भरायचा असतो, त्याचा दिवसांशी किंवा तासांशी आपोआप काही संबंध लागत नाही. प्रायमाव्हेरा या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तर प्रत्येक अ‍ॅक्टिव्हिटीला आधीच सांगावं लागतं की हिचे टक्के ड्युरेशनवर (कालावधीवर) मोजायचे, युनिट्सवर (तासांवर) की फिजिकल. पण शेवटी रिपोर्टच्या कागदावर येतं ते फक्त 'प्रोग्रेस' आणि पुढे एक आकडा, तो कुठल्या कॉलममधून आलाय हे कागदावर कुठेच नसतं. तिथून तो साहेबांकडे, साहेबांकडून प्रेसनोटमध्ये आणि प्रेसनोटमधून तुमच्याकडे.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी मला वाटतं आमच्या धंद्यातल्याही निम्म्या लोकांना माहीत नसते. वरच्या उदाहरणात तुम्ही एमएस प्रोजेक्टमध्ये जाऊन पर्सेंट कम्प्लीटच्या कॉलममध्ये ५० टाकलं आणि एंटर मारलं, की सॉफ्टवेअर बाकीचे रकाने स्वतःच भरून टाकतं. नेहमीच्या सेटिंगला ते धरून चालतं की काम प्लॅनच्याच दिवशी सुरू झालं, प्लॅनप्रमाणे ४ माणसं रोज आली आणि १६० तास काम झालं. अ‍ॅक्च्युअल स्टार्टमध्ये प्लॅनची तारीख, अ‍ॅक्च्युअल वर्कमध्ये १६० तास. प्रत्यक्षात झालेत ८०! उरलेले ८० तास कुणीच केलेले नाहीत, पण ते आता 'अ‍ॅक्च्युअल' नावाच्या रकान्यात बसलेत, आणि उद्या कुणी रिपोर्ट काढला तर त्याला वाटणार हे कुणीतरी हजेरी बघून भरलंय. तसंच काम संपल्यावर नुसतं १०० टाकलं तर अ‍ॅक्च्युअल फिनिशमध्ये शेड्युलची तारीख येते, म्हणजे काम आठवडाभर उशिरा संपलं असलं तरी कागदावर ते वेळेत संपलं. सॉफ्टवेअरची चूक नाही, त्याला दुसरी माहितीच दिली नाही तर ते प्लॅनच खरा मानणार. पण याचा परिणाम काय होतो बघा, नुसते टक्के भरलेल्या शेड्युलमध्ये झालेलं प्रत्येक काम वेळेत झालेलं दिसतं आणि तरीही प्रोजेक्ट उशिरा असतो, आणि मग सगळे एकमेकांकडे बघत बसतात की उशीर झाला कुठे.

मग भरायचं कसं? त्याचा एक क्रम आहे आणि तो काही अवघड नाही. आधी स्टेटस डेट ठरवायची, म्हणजे हे सगळे आकडे कुठल्या दिवसाच्या संध्याकाळचे आहेत ते. प्रायमाव्हेरात तिला डेटा डेट म्हणतात. मग खरी सुरुवातीची तारीख, मग झालेले तास किंवा हजेऱ्या, आणि मग उरलेलं काम. टक्के टाकायचेच नाहीत, ते सॉफ्टवेअर काढून देतं. झालेले तास पण एकदम ८० असे टाकले तर एमएस प्रोजेक्ट समजतं की चौघांनी पूर्ण जोरात पहिल्या अडीच दिवसांत ते उरकले, म्हणून टास्क युसेज व्ह्यूमध्ये, म्हणजे रोजचे तास दाखवणाऱ्या तक्त्यात जाऊन रोजचे १६, १६ असे दिवसवार टाकायचे, मग चित्र खरं दिसतं. उरलेलं जे २४० तासांचं काम आहे ते स्टेटस डेटच्या पुढे ढकलायचं, कारण मागच्या मंगळवारी जे झालं नाही ते आता मागच्या मंगळवारी होऊ शकत नाही, पण एमएस प्रोजेक्ट ते आपणहून पुढे नेत नाही, अपडेट प्रोजेक्टमध्ये जाऊन न झालेलं काम अमुक तारखेनंतर टाक असं सांगावं लागतं. मी अशी शेड्युलं बघितलीत की ज्यात महिनाभर जुनी अर्धवट कामं चार्टमध्ये तशीच डाव्या बाजूला, म्हणजे उलटून गेलेल्या तारखांवर लटकतायत आणि शेवटची पझेशनची तारीख मात्र जागची हललेली नाही!

हे एकदा नीट केलं की मग खरी गंमत कळते. उरलेले २४० तास, चारही माणसं परत आली तर रोजचे ३२ तास, म्हणजे अजून साडेसात दिवस लागतील, १० दिवसांचं काम साडेबारा दिवसांत होईल. दोघंच राहिली तर रोजचे १६ तास, म्हणजे अजून १५ दिवस, एकूण २०. आता निर्णय घेता येतो. मुकादमाला सांगून दोन माणसं दुसरीकडून आणायची का, की पुढचं टाइल्सचं काम सरकवायचं, की सॅनिटरीवाल्याला आधी आत घ्यायचं. '५० टक्के झालं' या वाक्यावरून यातला एकही निर्णय घेता येत नाही. आणि खाली मोजलेला एरिया १५ टक्केच आहे म्हटल्यावर तर २४० तासांत उरलेलं होईल का हाच प्रश्न आहे, त्या कारागिराला विचारून तो उरलेला आकडासुद्धा वाढवायला पाहिजे. उरलेलं म्हणजे ठरलेल्यातून झालेलं वजा केलं असं नसतं, ते दर आठवड्याला नव्याने विचारायचं असतं.

खरं सांगायचं तर हे सगळे खरे आकडे प्रत्येक साइटवर असतातच. मुकादमाच्या वहीत असतात. त्याला हजेरीप्रमाणे पैसे वाटायचे असतात त्यामुळे कोण आलं, कोण अर्ध्या दिवसाने गेलं, कोण ओव्हरटाइमला थांबलं हे त्याच्याकडे पैशापैशाचं लिहिलेलं असतं. पण ती वही बिलाच्या टेबलावर जाते, प्लॅनिंगच्या टेबलावर येत नाही. प्लॅनिंगचा माणूस संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो बघून आणि सुपरवायझरला फोन करून अंदाजाने टक्के भरतो. एकाच कंटेनर ऑफिसमध्ये दोन टेबलं आणि मधे भिंत नाही तरी हे होतं. सॉफ्टवेअरचं लायसन्स घ्यायला, ट्रेनिंगला, डॅशबोर्डला पैसे जातात आणि ज्या वहीतून खरी माहिती यायची ती वही कुणी मागतच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता माणसं खरं का भरत नाहीत तेही लिहिते, कारण दोष एकट्या साइट इंजिनिअरला देणं अन्यायाचं आहे. सोमवारची मीटिंग असते, वरच्या साहेबाने एकेकाला उभं करून विचारायचं, 'किती टक्के?' पोरगं बावीस-तेवीस वर्षांचं, नुकतंच डिप्लोमा करून आलेलं. मागच्या सोमवारी ७० सांगितलेलं असतं, आता त्यापेक्षा कमी सांगायची सोयच नाही, तेवढंच सांगितलं तर आठवडाभर काय केलं म्हणून बोलणी बसणार, म्हणून तो ७५ म्हणतो. पुढच्या वेळी ८०. असं करत करत ९० ला येतो आणि मग तिथे अडकतो, कारण १०० म्हणायला काम खरोखर संपावं लागतं, ९० म्हणायला काहीच लागत नाही. मी एका प्रोजेक्टवर फायर फायटिंगची लाइन अशीच आठवड्यामागून आठवडा ९० टक्क्यांवर बघितली. पाइप सगळे लागलेले होते, रंग पण झाला होता. शेवटी त्या मुलाला बाजूला घेऊन टक्के सोडून विचारलं की बाबा अजून काय काय राहिलंय आणि किती दिवसांचं आहे, तेव्हा तो म्हणाला मॅडम पंपाच्या पॅनेलची ऑर्डरच गेली नाहीये. पॅनेल यायलाच कित्येक आठवडे लागणार होते, मग टेस्टिंग, मग फायरची एनओसी. ही गोष्ट त्याला पहिल्यापासून माहीत होती, त्याने लपवलीही नव्हती, फक्त 'किती टक्के' या प्रश्नाच्या उत्तरात ती बसत नव्हती. प्रश्न बदलला आणि उत्तर मिळालं.

म्हणून मी आता कुणालाच टक्के विचारत नाही. अजून किती दिवस, किती माणसं आणि कशासाठी अडलंय, एवढंच विचारते. आणि उत्तर वाढून आलं तर ओरडायचं नाही, हा नियम साहेबांनी पाळला पाहिजे. उरलेले दिवस १० वरून १४ झाले असं जो मुलगा आज सांगतो तो कंपनीचे पैसे वाचवतोय. त्याला झापलं की पुढच्या सोमवारपासून तो परत ८०, ८५, ९० करायला लागेल.

फिजिकल टक्के भरायचेच असतील तर तेही आधी ठरवून भरावेत. दरवाज्याचं काम असेल तर चौकट बसली की ३०, पल्ला बसला की ७०, कडीकोयंडे झाले की ९०, पॉलिश झालं की १००, असं काम सुरू व्हायच्या आधीच लिहून ठेवायचं, मग इंजिनिअरच्या मूडवर काही राहत नाही. छोट्या कामांना तर संपलं तरच १००, नाहीतर शून्य, हा नियम उत्तम. आमच्याकडे काही लोक याला कडक म्हणतात, पण छोटी छोटी कामं असली तर एकूण आकड्यात फार फरक पडत नाही आणि वाद मात्र संपतात.

हे फक्त बांधकामापुरतं आहे असं कुणी समजू नये. माझा भाऊ हिंजवडीत आयटीत आहे, त्यांच्याकडे तर टाइमशीट भरतात, म्हणजे खरे तास नोंदवण्याची पद्धतच आहे. पण शुक्रवारी संध्याकाळी सगळी टीम बसून सोमवार ते शुक्रवार ८, ८, ८, ८, ८ भरते आणि शटल पकडायला पळते. मंगळवारी दिवसभर प्रॉडक्शनचा इश्यू, म्हणजे चालू सिस्टीममधली अडचण निस्तरली ते कुठेच दिसत नाही, कारण त्याला टास्कच नव्हता, ते तास ज्या फीचरवर केलेच नाहीत त्यावर जमा होतात. जिरा या त्यांच्या कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरमध्ये काम लॉग केलं की उरलेला अंदाज तेवढ्याच तासांनी आपोआप कमी होतो, तुम्ही हाताने बदलला नाही तर. म्हणजे ४० तासांच्या कामावर ४० तास घालवले की उरलेले शून्य, मग फीचर चालो न चालो. इथेही तेच, झालेलं भरायला यंत्र मदत करतं पण उरलेलं माणसानेच विचार करून सांगायचं असतं.

अजून एक गोष्ट म्हणजे एकूण प्रोजेक्टचे टक्के, जे पेपरात येतात ते हेच. छोट्या कामांचे टक्के एकत्र करून मोठ्या कामाचा आकडा काढताना एमएस प्रोजेक्टचा पर्सेंट कम्प्लीट हा दिवसांच्या हिशोबाने बेरीज करतो. समजा परवानगी मिळवण्याचं काम ३० दिवसांचं, एक माणूस, आणि त्यानंतरचं पायाचं काम १० दिवसांचं पण १२ माणसं. परवानगी मिळाली, पाया अजून खणलाही नाही. दिवसांनी ४० पैकी ३०, म्हणजे ७५ टक्के पूर्ण! तासांनी बघितलं तर परवानगीचे २४० आणि पायाचे ९६०, १२०० पैकी २४०, म्हणजे २० टक्के. जागेवर जाऊन बघणाऱ्याला मोकळं मैदान दिसतं. असा ७५ चा आकडा छापून आला की शेजारी राहणाऱ्या माणसाचा सरकारवरचाही विश्वास उडतो आणि पेपरवरचाही.

बेसलाइनबद्दल थोडक्यात लिहिते. पहिला मंजूर झालेला प्लॅन जतन करून ठेवणं म्हणजे बेसलाइन, उशीर किती झाला हे त्याच्याशीच तुलना करून कळतं. एमएस प्रोजेक्टमध्ये अशा ११ बेसलाइन ठेवायची सोय आहे, म्हणजे प्लॅन बदलला तर नवी वेगळ्या जागी ठेवायची, पहिलीवर पुसून लिहायची नाही. पण लोक तेच करतात. मुदतवाढ मिळाली की जुन्याच जागी नवी बेसलाइन, आणि सगळा उशीर एका क्लिकमध्ये शून्य. बातमीत जेव्हा 'सुधारित मुदतीत काम पूर्ण' असं येतं तेव्हा मूळ मुदत कुठली होती हे वाचणाऱ्याला कळायलाच हवं. हेन्री गँट नावाच्या इंजिनिअरने पहिल्या महायुद्धाच्या काळात जे तक्ते वापरले, कामं आडव्या रेघांनी दाखवणारे, ज्यांना आज आपण त्याच्या नावावरून गँट चार्ट म्हणतो, त्यात सुद्धा ठरलेलं आणि झालेलं एकाच कागदावर दिसायचं, तोच त्या तक्त्याचा उपयोग होता. शंभर वर्षांनी आपण रंगीत चार्ट काढतो आणि त्यातली झालेल्याची रेघ अंदाजाने ओढतो.

आता सामान्य वाचकाचा याच्याशी काय संबंध असं कुणी म्हणेल तर फ्लॅट घेणाऱ्यांना विचारा. पुण्यात वाकड, बाणेर, हडपसर, धायरी, कुठेही जा, हजारो घरं अशी आहेत जी भाडंही भरतायत आणि हप्ताही भरतायत. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याप्रमाणे, ग्राहकांकडून घेतलेल्या पैशातले ७० टक्के बिल्डरला वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि त्यातून पैसे काढताना काम किती टक्के झालंय त्या प्रमाणातच काढता येतात, त्यासाठी इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सीए तिघांचं सर्टिफिकेट लागतं. म्हणजे टक्के हा नुसता रिपोर्टचा आकडा राहत नाही, त्याच्यावर लोकांचे पैसे हलतात. शिवाय दर तिमाहीला प्रोजेक्टची स्थिती महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या वेबसाइटवर टाकावी लागते, ती कुणालाही फुकट बघता येते आणि बघावीच.

पण तिथेही टक्के कशाचे ते समजून घ्या. महाराष्ट्राच्या नमुना करारात घराच्या एकूण किमतीच्या हिशोबाने हप्त्यांचे टप्पे आहेत, जोतं झालं की ४५ टक्क्यांपर्यंत, सगळे स्लॅब पडले की ७० टक्क्यांपर्यंत, भिंती, आतलं प्लास्टर, फ्लोअरिंग, दारं-खिडक्या झाल्या की ७५ पर्यंत. म्हणजे शेवटचा स्लॅब पडला की तुमचे ७० टक्के पैसे गेलेले असू शकतात, आणि घरातल्यांना वाटतं आता थोडंच राहिलं. तसं नसतं हो. स्लॅबनंतर बिल्डिंगमधल्या कामांची यादी लांबतच जाते, प्लंबिंग, वायरिंग, वॉटरप्रूफिंग, लिफ्ट, पंप, फायर, ड्रेनेज, मग भोगवटा प्रमाणपत्र, आणि ही कामं वेगवेगळ्या ठेकेदारांची असल्यामुळे एकाचं अडलं की दुसऱ्याचं अडतं. पैशाचे ७० टक्के म्हणजे वेळेचे ७० टक्के नाहीत. साइट व्हिजिटला गेलात तर सेल्सच्या मुलीला किती टक्के झालं हे विचारू नका, राहिलेल्या कामांची यादी आणि प्रत्येकाची सुरू व्हायची तारीख मागा. लिफ्टची ऑर्डर दिली का एवढा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ कळतं.

सार्वजनिक कामांचंही तसंच. पुणे मेट्रोचं भूमिपूजन २४ डिसेंबर २०१६ ला झालं, वनाज ते गरवारे कॉलेज आणि पिंपरी ते फुगेवाडी हे पहिले तुकडे ६ मार्च २०२२ ला सुरू झाले, सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट २९ सप्टेंबर २०२४ ला. या तारखा अशा आहेत की त्यावर वाद होऊ शकत नाही, कुठून कुठपर्यंत गाडी धावते हे कुणालाही दिसतं, आणि मधल्या काळात जे टक्के छापून आले ते आज कुणाच्या लक्षातही नाहीत. चांदणी चौकातही तेच, जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे पाडला आणि नव्याचं उद्घाटन १२ ऑगस्ट २०२३ ला झालं, माणसाला या दोन तारखांमधलं अंतर कळतं. केंद्र सरकारचं सांख्यिकी मंत्रालय १५० कोटी आणि त्याच्यावरच्या केंद्रीय प्रकल्पांचे जे अहवाल काढतं त्यात मूळ तारीख आणि आताची अपेक्षित तारीख, मूळ खर्च आणि आताचा अपेक्षित खर्च असे शेजारी शेजारी देण्याची पद्धत आहे. आपल्या महापालिकेने वॉर्डातल्या गल्लीच्या कामासाठी सुद्धा असंच द्यायला काय हरकत आहे? कामाच्या बोर्डवर कंत्राटदाराचं नाव आणि रक्कम लिहितातच, त्याखाली खरी सुरुवातीची तारीख, मूळ मुदत आणि उरलेलं काम किती मीटर, एवढ्या तीन ओळी, आणि त्या दर महिन्याला बदलायच्या. त्याला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही, खडू चालेल.

तर संपादक साहेब, माझी विनंती तुमच्या बातमीदारांना आहे. अधिकाऱ्याने ८० टक्के म्हटलं की तिथेच थांबू नका. हे टक्के कशाचे, दिवसांचे, खर्चाचे की प्रत्यक्ष मोजलेल्या कामाचे? कुठल्या तारखेचे? काम प्रत्यक्षात कधी सुरू झालं? पहिली मुदत कुठली होती? उरलेली कामं कोणती आणि त्यातलं सगळ्यात लांबणारं कोणतं? भूसंपादन असेल, झाडांची परवानगी असेल, महावितरणची केबल हलवायची असेल, जे असेल ते नावानिशी छापा. ही उत्तरं मिळाली नाहीत तर 'मिळाली नाहीत' असं छापा, पण नुसते टक्के छापू नका. पुलाच्या, रस्त्याच्या बातमीसाठी या प्रश्नांचा एक पानाचा फॉर्म मी करून ठेवलाय, मराठीत, साध्या भाषेत. तुमच्या पुणे डेस्कला उपयोगी वाटत असेल तर मी आनंदाने आणून देईन, आणि एखाद्या शनिवारी अर्धा-पाऊण तास बसून बार चार्ट कसा वाचायचा, बेसलाइनची तारीख कुठे बघायची हेही तुमच्या नव्या बातमीदारांना दाखवेन, पैसे वगैरे काही नकोत.

आपली,
एक प्लॅनिंग इंजिनिअर
सिंहगड रोड, पुणे